विद्येचे ऋण

बुद्धी, विद्या, वाणी ही माणसाची खासगी मिळकत नसून ईश्वराने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे व तिचा हिशेब त्याला द्यावा लागतो, ही धारणा ख्रिस्ती धर्मविचारात फार खोल रुजलेली आहे. आपल्याकडील ऋषिऋणाची कल्पना तिच्यापासून फारशी दूर नाही. ही ठेव ज्यांनी पैपैने परत केली, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. परंतु त्यांनी धर्मांतर केले एवढ्यासाठी आपल्या समाजाने ते दीर्घकाळ संकोचानेच उच्चारले.

रमाबाईंचा जन्म 1858 साली सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले; त्या मातेने ते लेकीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. दुष्काळाने आईवडील व थोरली बहीण यांचा बळी घेतला. उरलेली भावंडे पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीची बंधने झुगारून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. दोन वर्षांच्या आत वैधव्य आले व तान्ही मनोरमा तेवढी जवळ राहिली.

इतक्या आघातांनी दुसरे कोणी खचले असते. रमाबाईंनी 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगासमोर स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र वेदांताच्या पंडितांपुढे न नमलेली ही बुद्धी बिशपांपुढेही नमली नाही. समजल्यावाचून कोणताही सिद्धांत स्वीकारावयाचा नाही, हा बाणा त्यांनी तेथेही सोडला नाही. अशी श्रद्धा धाडसीच म्हटली पाहिजे, कारण तिला दोन्हीकडून मार खावा लागतो.

अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवर पुस्तक लिहिले व त्यातून निधी उभा केला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास गेले. सदनात धर्माबाबत तटस्थतेचे आश्वासन होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा 'केसरी'ने टीकेची झोड उठविली आणि 1893 मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही दूर झाले. पालकांच्या चिंतेत तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. निराधाराला आसरा देणाऱ्याने त्याच्या श्रद्धेविषयी अधिकच जपून वागावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्या मुलींसाठी हा वाद पेटला, त्यांना आसरा देणारी किती घरे आपल्यापाशी होती, हा प्रश्नही तेवढाच रास्त आहे.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छपाई अशी कामे स्त्रिया करू लागल्या. अंध मुलींच्या शिक्षणाचीही सोय झाली. 1897 मध्ये प्लेगच्या बंदोबस्तातील स्त्रियांची विटंबना त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून त्यांनी राज्यकर्त्यांची भाटगिरी केली नाही, हे आपण विसरू नये.

उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून, साध्यासुध्या स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. सदनातील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. 1921 मध्ये मनोरमा निवर्तली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

त्यांचा धर्म आपला नसेल. त्यांची काही मते आपल्याला पटणारही नाहीत. परंतु शास्त्रीबोवांच्या घरात मिळालेली विद्या त्यांनी पोट भरण्यासाठी वा मिरविण्यासाठी वापरली नाही. जिला कोणी नव्हते तिच्यासाठी ती वेचली. गोमंतकात मंदिर व चर्च शेजारी नांदतात. येथे तरी माणसाची पारख त्याच्या धर्माच्या नावावरून होऊ नये. हाती आलेल्या देण्याचे त्याने काय केले, यावरून व्हावी. हाच हिशेब उद्या आपल्यालाही द्यावयाचा आहे.