कोटितीर्थाकाठचे चित्रकार : आबालाल रहिमान

बूढापाऱ्यात वाढलेल्या प्रत्येकाने बूढा तालाबावर उतरणारी संध्याकाळ पाहिलेली असते. परंतु पाहणे वेगळे आणि निरखणे वेगळे. कोल्हापूरच्या एका तळ्याकाठी आयुष्याच्या उत्तरार्धात या निरखण्यातच ज्यांना आनंद गवसला, ते थोर चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान.

आबालालांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉय पदकाचा मान मिळवला. मुंबईत राहून व्यक्तिचित्रांच्या बळावर नाव व पैसा मिळवणे त्यांना कठीण नव्हते. तथापि ते आपल्या गावी परतले. पुढे छत्रपती शाहू महाराजांनी या गुणी कलावंतास दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

दरबारी चित्रकारासमोर विषय कोणी तरी ठेवतो. वय वाढत गेले तसे आबालाल मात्र अधिकाधिक अशा विषयांकडे वळले, जे कोणी मागितलेले नव्हते. कोटितीर्थ तलावाचा परिसर, रंकाळ्याकाठचा संध्यामठ, पंचगंगेचा घाट ही त्यांची चित्रभूमी झाली. उघड्यावर चित्र काढताना घरातले स्वास्थ्य नसते. ऊन चढते, सावली सरकते, वाऱ्याने कागद फडफडतो आणि पाण्याचा रंग घटकाभरही स्थिर राहत नाही. म्हणून जे दिसते ते तत्क्षणी टिपावे लागते. पॅरिसमध्ये १८७४ साली ज्या तरुण चित्रकारांनी पहिले प्रदर्शन भरवून पुढे दृक्प्रत्ययवादी हे नाव मिळवले, त्यांचाही ध्यास हाच होता. आबालालांनी तो आपल्या मातीत, आपल्याच तळ्याकाठी जोपासला.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि आबालालांचा आधार तुटला. त्या शोकात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, या विरक्त कलावंताला लोकांनी कसे ओळखले होते, हे तिच्यातून कळते. ज्याच्यासाठी दाखवावे तो रसिक गेला, मग संग्रह कशासाठी, असा तो भाव. १९३१ साली आबालाल निवर्तले. बाबूराव पेंटर यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील कलावंतांनी त्यांना आदराचे स्थान दिले, आणि कोल्हापूरची निसर्गचित्रांची परंपरा त्यांच्याच वाटेने पुढे गेली.

पदक तारुण्यात मिळाले, दरबाराचा मान प्रौढपणी लाभला. परंतु आबालालांचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः त्यांच्या निसर्गचित्रांसाठी. शाळेत हाती घेतलेला रंगांचा डबा संसाराच्या धबडग्यात माळ्यावर गेला असला, तरी तो पुन्हा खाली काढण्यास वयाची अट नसते. आणि विषयासाठी दूर जाण्याचीही गरज नसते. गावातले तळे पुरेसे असते.