उदय शंकर : कीर्तीनंतर गुरूच्या शोधात

विख्यात नर्तक उदय शंकर यांच्या जीवनक्रमात एक विलक्षण बाब आढळते. सर्वसाधारणपणे कलावंत आधी गुरूजवळ बसतो आणि पुढे नावारूपाला येतो. उदय शंकर यांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. लंडनच्या रंगमंचावर जगप्रसिद्ध बॅले नर्तकी ॲना पाव्हलोवा यांच्यासमवेत त्यांनी कृष्णाची भूमिका साकारली, तेव्हा कोणत्याही भारतीय नृत्यशैलीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

त्यांचा जन्म 8 डिसेंबर 1900 रोजी उदयपूर येथे झाला. वडील श्याम शंकर चौधरी हे मूळचे बंगालचे. संस्कृतचे जाणकार आणि बॅरिस्टर असलेले श्याम शंकर राजस्थानातील झालावाड संस्थानाच्या सेवेत होते. वडील बहुतेक काळ दूर असल्याने उदय यांचे बालपण मुख्यतः गाझीपूरजवळच्या नसरतपूर या आजोळी गेले. तेथे दलित समाजातील मातादीन नावाच्या लोकनर्तकाचे नृत्य हा मुलगा तासन्‌तास पाहत असे. नृत्याची पहिली ओढ त्यांना तेथेच लागली. सतारवादक रवि शंकर हे त्यांचे सर्वांत धाकटे बंधू होत.

कुटुंबाच्या दृष्टीने मात्र उदय हे चित्रकार होणार होते. 1918 मध्ये त्यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात पाठवण्यात आले. मुंबईतील वास्तव्यात गांधर्व महाविद्यालयात त्यांना संगीताचेही शिक्षण मिळाले. 1920 मध्ये ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. संस्थेचे प्रमुख विल्यम रोथेनस्टाइन हे भारतीय कलेचे चाहते होते. पाश्चात्त्य शैलीचे अनुकरण न करता आपल्याच देशाच्या कलापरंपरेचा अभ्यास करावा, याकडे त्यांनी या विद्यार्थ्याचे लक्ष वळवले.

याच सुमारास पाव्हलोवा भारताचा दौरा आटोपून परतल्या होत्या. भारतीय विषयांवर बॅले सादर करण्याची त्यांची इच्छा होती. श्याम शंकर यांनी लंडनमध्ये आयोजित केलेल्या कार्यक्रमांत उदय हौसेने नृत्य करीत असत. पाव्हलोवा यांच्याशी परिचय झाल्यावर त्यांनी ‘हिंदू विवाह’ आणि ‘राधा-कृष्ण’ या दोन रचना बसवल्या. सप्टेंबर 1923 मध्ये कॉव्हेंट गार्डन येथे त्या सादर झाल्या. राधेच्या भूमिकेत पाव्हलोवा आणि कृष्णाच्या भूमिकेत अवघ्या 22 वर्षांचे उदय शंकर होते. लहानपणी पाहिलेली लोकनृत्ये, मंदिरांतील शिल्पे आणि लघुचित्रे हीच त्यांची त्या वेळची शिदोरी होती.

पाव्हलोवा यांच्या पथकासमवेत त्यांनी अमेरिकेचा दौराही केला. या काळात त्यांना बॅले शिकण्याची इच्छा झाली होती. परंतु पाव्हलोवा यांनी त्यापासून त्यांना परावृत्त केले, असे सांगितले जाते. भारतीय तरुणाने आपल्या देशाचे नृत्य जगापुढे आणावे, असे त्यांचे मत होते. तथापि, बॅले पथकाच्या सहवासातून उदय शंकर यांनी रंगमंचाची शिस्त आत्मसात केली. काटेकोर सराव, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि कार्यक्रमाची आखीव लांबी या गोष्टींचा त्यांच्या पुढील कार्यावर कायमचा ठसा उमटला.

पथक सोडल्यानंतर पॅरिसमध्ये त्यांनी हलाखीचे दिवस काढले. 1930 च्या सुमारास स्विस शिल्पकार ॲलिस बोनर यांच्यासमवेत त्यांनी भारतभर प्रवास केला. केरळमध्ये पाहिलेल्या कथकळीने ते भारावून गेले. त्यानंतर उभारलेल्या पथकाचा पहिला कार्यक्रम 3 मार्च 1931 रोजी पॅरिस येथे झाला. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य विष्णुदास शिराळी या पथकाचे एक प्रमुख संगीतकार होते. युरोप आणि अमेरिकेत उदय शंकर यांचे नाव दुमदुमू लागले.

मायदेशात मात्र त्यांच्या कलेविषयी दोन मते होती. त्यांचे नृत्य कोणत्याही एका शास्त्रीय परंपरेत बसत नाही, असा आक्षेप घेतला जात असे. जागतिक कीर्ती लाभलेल्या कलावंताला हा आक्षेप दुर्लक्षिता आला असता. उदय शंकर यांनी तसे केले नाही. वयाची तिशी ओलांडल्यानंतर त्यांनी कथकळीचे थोर आचार्य शंकरन नंबुदिरी यांचे शिष्यत्व पत्करले.

कथकळीचे शिक्षण शरीराची कसोटी पाहणारे असते. या कलेची शारीरिक तालीम केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेशी निगडित आहे. अंगाला तेल लावून करावयाच्या उड्या आणि व्यायाम, गुरूने पायांनी दिलेले मर्दन, गुडघे वाकवून पावलांच्या बाहेरच्या कडांवर तोललेला देह आणि डोळ्यांचे स्वतंत्र व्यायाम यांचा त्यात समावेश असतो. हे शिक्षण बहुधा कोवळ्या वयात सुरू होते. पाश्चात्त्य रंगभूमी गाजवलेल्या उदय शंकर यांनी ते प्रौढपणी स्वीकारले, यातच त्यांच्या विनयाची साक्ष मिळते.

स्वतःला उशिरा मिळालेले हे शिक्षण इतरांना वेळेवर मिळावे, या हेतूने त्यांनी 1938 मध्ये अल्मोडा येथे संस्कृती केंद्राची स्थापना केली. तेथे कथकळीसाठी शंकरन नंबुदिरी, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिल्लै, मणिपुरी नृत्यासाठी अमुबी सिंह आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे गुरू एकत्र आले. पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेले गुरुदत्त हे या केंद्राचे विद्यार्थी. अभिनेत्री जोहरा सहगल तेथे अध्यापन करीत. मात्र युद्धकाळातील आर्थिक अडचणींमुळे काही वर्षांतच हे केंद्र बंद पडले.

या भंगलेल्या स्वप्नाला त्यांनी 1948 मधील ‘कल्पना’ या चित्रपटातून रूप दिले. 1971 मध्ये त्यांना पद्मविभूषण सन्मान प्राप्त झाला. 26 सप्टेंबर 1977 रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. ‘कल्पना’ची नूतनीकरण केलेली प्रत 2012 मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आली. अल्मोड्याचे केंद्र अल्पायुषी ठरले. परंतु तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आधुनिक भारतीय नृत्याची परंपरा पुढे चालवली.