कर्नल सी. के. नायडू : त्यांचा खेळ व त्यांचे प्रेक्षक

सुटीच्या दिवशीं मित्रमंडळीसह मैदानाच्या कडेस बसून एखादा सामना पाहण्यांत जो आनंद आहे, तो कोणासहि शिकवावा लागत नाहीं. अमेरिकेंतील लहान लहान शहरांतून लोक अशा दिवशीं आपल्या गांवच्या बेसबॉल संघाचा सामना पाहावयास सहकुटुंब जातात. आमच्या वऱ्हाडांत तेंच काम क्रिकेट करतें. अमरावतीचें नेहरू मैदान असो कीं अकोल्यांतील एखाद्या शाळेचें पटांगण असो, दिवाळीच्या अथवा नाताळच्या सुटींत तेथें दोन संघ उतरले, कीं सायकली कुंपणास टेकवून मुलें बसतात, फुटाण्यांची पुडी हातोहात फिरते, आणि चेंडू सीमेपार गेला म्हणजे एकच गलका उठतो. त्या गलक्यांत कोण कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा, कोणत्या मोहल्ल्याचा, हें क्षणभर कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. ही गोष्ट दिसावयास लहान आहे; परंतु आपल्या देशांत ती सहजासहजीं घडून आलेली नाहीं. ज्या पुरुषाच्या खेळानें तिला मोठाच हातभार लागला, त्याचें चरित्र आम्ही या अंकीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ता. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपूर येथें एका तेलुगू कुटुंबांत झाला. त्या वेळीं वऱ्हाडचा कारभार निराळा होता. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला, आणि अमरावती व अकोला यांची राजधानीहि नागपूर हीच झाली. तेव्हां नायडू हे आमच्याच प्रांतांतले होत, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांचें शिक्षण मिशनच्या शाळांतून झालें. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचें नांव धारण करणारी नागपूरची विख्यात शाळा ही त्यांपैकींच एक. अंगकाठी उंच व ताठ, नजर तीक्ष्ण, आणि बोलणें मोजकें असा हा मुलगा लहानपणींच शाळेच्या संघांत घेतला गेला.

त्या काळीं हिंदुस्थानांतील क्रिकेटचा मोठा उत्सव म्हणजे मुंबईचे चौरंगी सामने. यांत संघ प्रांतांचे नसत, समाजांचे असत. प्रथम युरोपियन व पारशी यांचे सामने होत. १९०७ सालीं त्यांत हिंदूंचा संघ आला, व १९१२ सालीं मुसलमानांचा. १९१६ सालीं एकवीस वर्षांच्या नायडूंस हिंदूंच्या संघांत युरोपियनांविरुद्ध खेळण्याची संधि मिळाली. अवघ्या ७९ धावांत सात गडी बाद झाले असतां हा नवखा तरुण खेळावयास उतरला. पहिले तीन चेंडू त्यानें शांतपणें अडविले, आणि चौथा सरळ सीमेबाहेर भिरकावून षट्कार मिळविला. पुढील सत्तेचाळीस वर्षांच्या खेळाचें सार या चार चेंडूंत आलें आहे, असें आम्हांस वाटतें. आधीं पारख, मग प्रहार, हा त्यांचा क्रम होता. त्यांचे टोले पाहून पुष्कळांस तो धसमुसळेपणा वाटे. परंतु त्यांच्या बॅटीमागें मन स्थिर असे.

या सामन्यांस हजारों लोक जमत. पण प्रेक्षक आपापल्या समाजाच्या विजयासाठींच बहुधा जमे, आणि शेजाऱ्याचा पराभव हा त्याच्या आनंदाचा एक भाग असे. ज्यांच्या समाजाचा संघच नव्हता, त्या हिंदी ख्रिस्ती मुलांनीं कोणासाठीं टाळ्या वाजवाव्या? खुद्द हिंदूंच्या संघांतहि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील पळवणकर बंधूंस आपला हक्क मिळण्यास फार वर्षें लागलीं. बाळू पळवणकर यांच्यासारख्या असामान्य गोलंदाजास कप्तानपद कधींच लाभलें नाहीं. त्यांचे बंधु विठ्ठल यांस तें १९२३ सालीं मिळालें. नायडू हे याच संघाचे खेळाडू. त्यांनीं या व्यवस्थेविरुद्ध झेंडा उभारला, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु एका दिवशीं जें त्यांच्या बॅटीनें केलें, तें अनेक व्याख्यानांनीं झालें नसतें.

तो दिवस ता. १ डिसेंबर १९२६. इंग्लंडांतील एम. सी. सी. चा संघ आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानांत आला होता, आणि मुंबईच्या जिमखान्यावर त्याचा हिंदूंशीं सामना चालला होता. पाहुण्यांनीं साडेतीनशेंहून अधिक धावा केलेल्या होत्या. नायडू खेळावयास आले, आणि दोन तासांहून कमी वेळांत त्यांनीं १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षट्कार होते. बातमी शहरांत पसरली तसे लोक कचेऱ्या व दुकानें सोडून मैदानाकडे धांवले. आंत जागा उरली नाहीं, तेव्हां ते झाडांवर व घरांच्या छपरांवर चढले. संघाचें नांव हिंदूंचें होतें खरें. पण समोर इंग्लंडचे गोलंदाज होते, आणि छपरावरच्या पारशानें वा बोहऱ्यानें मारलेली आरोळी शेजारच्या मराठ्याच्या आरोळीहून निराळी ओळखूं येणें शक्य नव्हतें. पाहुण्यांनींहि मनाचा थोरपणा दाखविला. नायडूंस त्यांनीं चांदीची बॅट भेट दिली.

या दौऱ्यानंतर दोन वर्षांतच, १९२८ च्या डिसेंबरांत, सर्व हिंदुस्थानासाठीं क्रिकेटचें नियामक मंडळ स्थापन झालें. १९३२ सालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. दौऱ्याचे कप्तान पोरबंदरचे महाराज होते. परंतु कसोटी सामन्याच्या वेळीं ते बाजूस झाले, आणि ता. २५ जून रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानाच्या पहिल्या कसोटी संघाचें नेतृत्व करण्याचा मान नागपूरच्या या पुत्रास मिळाला. इंग्लंडचे पहिले तीन गडी १९ धावांतच बाद झाले. नायडूंच्या हातास दुखापत झाली होती, तरीहि पहिल्या डावांत संघांत सर्वाधिक, म्हणजे ४० धावा त्यांच्याच होत्या. सामना हरला, पण त्या दौऱ्यांत त्यांनीं प्रथम दर्जाच्या सामन्यांतून १६१८ धावा काढल्या व ६५ गडी बाद केले. एजबॅस्टन येथें त्यांनीं मारलेला चेंडू मैदानाबाहेरच्या री नदीपर्यंत गेला, असें सांगतात. पुढील वर्षीं विझ्डेन या वार्षिक ग्रंथानें वर्षाच्या पांच खेळाडूंत त्यांची निवड केली. १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना मुंबईस झाला, तेव्हांहि कप्तान तेच होते. त्या सामन्यांत तरुण लाला अमरनाथ यांनीं शतक केलें, आणि दुसऱ्या टोंकास उभे राहून नायडूंनीं त्यांस साथ दिली. आपण मागें राहून दुसऱ्याच्या पराक्रमास वाव देणें हेंहि मोठ्या खेळाडूचें लक्षण होय.

हा मान सुखासुखीं लाभलेला नव्हता. १९२३ सालीं इंदूरच्या होळकर महाराजांनीं त्यांस आपल्या पदरीं घेतलें. तेथील सैन्यांत त्यांस हुद्दा मिळाला, व पुढें ते कर्नल झाले. शिपाईगिरीची शिस्त त्यांनीं मैदानावर आणली. वेळ चुकविणारा, अंग चोरणारा अथवा दुखण्याचा बाऊ करणारा खेळाडू त्यांस खपत नसे. आणि जो नियम इतरांस, तोच स्वतःस. १९३६ सालीं ओव्हल येथें वेगवान चेंडूचा मार अंगावर बसूनहि ते खेळत राहिले, व ८१ धावा करून परतले. रणजी करंडकाच्या १९५१-५२ च्या अंतिम सामन्यांत, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, चेंडू तोंडावर बसून त्यांचे दांत तुटले. त्यांनीं ते तुकडे बाजूस सारले, आणि कोणाचीहि मदत न घेतां खेळ पुढें चालू केला. प्रेक्षक आपली सुटी खर्चून येतो, त्यास अर्धा खेळ दाखवूं नये, हा धडा आमच्या मुलांनीं येथें घ्यावा.

समाजांच्या सामन्यांचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. १९३७ सालीं त्यांत शेष हा पांचवा संघ आला, व हिंदी ख्रिस्ती खेळाडूंस जागा मिळाली. सांगलीचे विजय हजारे हे त्यांतले अग्रणी. १९४३ सालीं शेष संघाच्या ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. परंतु समाजासमाजांतील तेढ वाढत चालली होती. १९४० सालीं महात्मा गांधींनीं धर्मावर आधारलेल्या या सामन्यांविषयीं उघड नापसंति दर्शविली, आणि १९४६ नंतर ते कायमचे बंद झाले. त्यांची जागा प्रांतवार खेळल्या जाणाऱ्या रणजी करंडकानें घेतली.

या नव्या व्यवस्थेंतहि नायडू आघाडीवर होते. पन्नाशी ओलांडल्यावर १९४५-४६ च्या मोसमांत त्यांनीं बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या. त्यांच्या होळकर संघानें १९४५-४६ ते १९५२-५३ या काळांत चार वेळां करंडक जिंकला. त्या संघांत इंदूरचे मुश्ताक अली होते, तसे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकरहि होते. गांव कोणतें, धर्म कोणता, हा प्रश्न मागें पडून खेळ कसा, एवढाच उरला होता. एकसष्टाव्या वर्षीं उत्तर प्रदेशाकडून खेळतांना त्यांनीं राजस्थानाविरुद्ध ८४ धावा केल्या. १९५६ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. प्रथम दर्जाचा शेवटचा सामना ते १९६३-६४ च्या मोसमांत, अडुसष्टाव्या वर्षीं खेळले. ता. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदूर येथें त्यांचें देहावसान झालें. तरुण खेळाडूंच्या एका राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकास आज त्यांचें नांव आहे.

त्यांच्या कर्मभूमींत, इंदूरच्या होळकर मैदानावर, ता. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भाच्या संघानें दिल्लीस नऊ गडी राखून हरविलें व रणजी करंडक प्रथमच जिंकला. त्या अंतिम सामन्यांत अकोल्याच्या आदित्य ठाकरे यानें प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्यें पदार्पण केलें. अमरावतीचा जितेश शर्मा पुढें भारताच्या संघांतून खेळला. हीं मुलेंहि आमच्याच मैदानांवरून पुढें गेलीं, आणि त्यांच्या सामन्यांसहि कुंपणापाशीं कोणी तरी बसलेलें होतें.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यांतील प्रत्येक जण नायडू होणार नाहीं. पण येत्या सुटींत मैदानाच्या कडेस बसणें सर्वांस शक्य आहे. तेथें दुसऱ्या शाळेच्या, दुसऱ्या वस्तीच्या मुलानें उत्तम टोला मारला, तर हात आंखडूं नका. त्याच्यासाठींहि तितक्याच जोरानें टाळ्या वाजवा, आणि शेजारीं अनोळखी मुलगा बसला असेल तर त्यास थोडें सरकून जागा द्या.