अश्रूंमागचा निग्रह

मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहाजवळून जाणारा आर्थर रोड कागदोपत्री साने गुरुजी मार्ग आहे. त्रिचनापल्ली, धुळे, नाशिक अशा तुरुंगांत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाचे नाव नेमके याच रस्त्याला लाभावे, हा योगायोगच. दादरमध्ये त्यांच्या नावाची शाळाही आहे. तरीही गुरुजी म्हटले की अनेकांना आठवतात ते केवळ 'श्यामची आई'तले अश्रू. हळवेपणाचा हा शिक्का अन्यायकारक आहे, कारण या माणसाच्या ठायी भावना हीच नीतीची शक्ती होती.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण उतरती कळा लागलेले. आई यशोदाबाई १९१७ मध्ये निवर्तल्या. शिक्षणासाठी दूर असलेल्या मुलाला तिचे अखेरचे दर्शनही घडले नाही. पुढे तत्त्वज्ञान विषय घेऊन ते एम. ए. झाले, पण पंडिती चर्चेत त्यांचे मन रमेना. १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक झाले. वसतिगृहातील बेशिस्त मुलांना शिक्षा करण्याऐवजी ते स्वतःच त्यांची अंथरुणे घडी करून ठेवीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. मुले ओशाळत आणि हळूहळू आपली कामे आपण करू लागत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. त्यातील एक प्रसंग बारकाईने वाचण्याजोगा आहे. दलित समाजातील एका म्हातारीला लाकडाची मोळी डोक्यावर उचलून द्यायला आई श्यामला सांगते. मात्र नंतर घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. माउलीची करुणा खरी होती, पण रूढीने आखलेल्या रेषेपाशी ती थबकली होती. गुरुजींनी ही आंघोळ पुस्तकातून वगळली नाही, हे विशेष. आईने दिलेला जिव्हाळा त्यांनी शिरोधार्य मानला, पण तिच्या रेषेपाशी ते थांबले नाहीत.

त्याची प्रचीती पंढरपुरात आली. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी सेनापती बापट यांच्यासह महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषण आरंभले. चुकीच्या माहितीच्या आधारे खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याविषयी तार केली, तरी गांधीजींना दैवत मानणारे गुरुजी ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला आणि दहाव्या दिवशी उपोषण सुटले. नुसत्या भाबडेपणाला हे साधले नसते.

मुंबईशी त्यांचे नाते भूमिगत कार्यातून जडले. बेचाळीसच्या लढ्यात ते येथे एस. एम. जोशी आदी सहकाऱ्यांसमवेत वावरत होते. एप्रिल १९४३ मध्ये येथेच त्यांना अटक झाली. गांधीहत्येनंतर मात्र त्यांच्या मनाला खोल जखम झाली. मारेकरी महाराष्ट्राचा, हे पाप जणू आपलेच मानून १९४८ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. इतरांचा अपराध स्वतःच्या शिरावर घेण्याची ही वृत्ती थोर खरी, पण जीवघेणीही होती. इतरांना उदंड क्षमा करणाऱ्या या माणसाने स्वतःला क्वचितच क्षमा केली असावी.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी मुंबईत 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतातील भाषा व प्रांत यांना प्रेमाने जोडणाऱ्या 'आंतरभारती'चे स्वप्नही याच काळातले. 'साधना'तून ते पुतणीला पत्रे लिहीत. फुले, पाखरे, तारे यांविषयीची ती प्रसन्न पत्रे वाचताना लिहिणाऱ्याच्या मनातील काळोखाची कल्पनाही येत नाही. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. त्याचे एकच एक कारण शोधणे व्यर्थ आहे. निराशा हाही आजार असू शकतो, ही जाणीव त्या काळी समाजात फारशी नव्हती आणि त्यांच्याभोवती जिवाला जीव देणारी माणसे असूनही तो घाव कुणाला रोखता आला नाही.

'साधना'ची धुरा आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी उचलली. पुतणीला लिहिलेली पत्रे पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपात आली.