विरोधकांच्याही श्रद्धेचे रक्षण करणारे रॉजर विल्यम्स

राज्यसत्तेला माणसाच्या श्रद्धेवर अधिकार नाही, हा विचार सतराव्या शतकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत अपराध ठरत असे. त्यासाठी हद्दपारी पत्करणाऱ्या रॉजर विल्यम्स यांचा जन्म 1603 च्या सुमारास लंडनमध्ये झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन ते धर्मोपदेशक झाले आणि 1631 मध्ये बोस्टनला पोहोचले.

इंग्लंडमधील छळाला कंटाळून आलेल्या प्युरिटन पंथीयांनी या वसाहतीत आपलाच पंथ सर्वांवर लादला होता. ईश्वराविषयीच्या कर्तव्यांत कसूर झाल्यास दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा करू नये, तसेच मूळ रहिवाशांची भूमी केवळ राजाच्या सनदेने इंग्रजांची होत नाही, असे विल्यम्स यांचे प्रतिपादन होते. ऑक्टोबर 1635 मध्ये न्यायसभेने त्यांना हद्दपार केले. पुढील जानेवारीत, ऐन हिमवर्षावात, ते घराबाहेर पडले. मूळ रहिवाशांनी त्यांना आश्रय दिला. नॅरागॅन्सेट प्रमुखांकडून मिळालेल्या भूमीवर त्यांनी 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स वसविले. तेथे बहुमताचा निर्णय केवळ ऐहिक व्यवहारांपुरता बंधनकारक होता.

अर्भकांचा बाप्तिस्मा अमान्य करून प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने तो घ्यावा, असे मानणाऱ्या बॅप्टिस्टांच्या मंडळीची स्थापना विल्यम्स यांनी 1638 च्या सुमारास प्रॉव्हिडन्समध्ये केली. काही महिन्यांतच ते त्या मंडळीपासून दूर झाले. मात्र बॅप्टिस्टांच्या हक्कांची पाठराखण त्यांनी सोडली नाही. मॅसॅच्युसेट्सने 1644 मध्ये बॅप्टिस्टांविरुद्ध हद्दपारीचा कायदा केला. त्याच वर्षी विल्यम्स यांनी लंडनमध्ये धार्मिक छळाविरुद्धचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आपल्या वसाहतीसाठी सनद मिळविली. 1651 मध्ये ओबडाया होम्स या बॅप्टिस्टाला बोस्टनमध्ये चाबकाचे 30 फटके मारण्यात आले. बॅप्टिस्टांच्या या छळाचा विल्यम्स यांनी गव्हर्नर एंडिकॉट यांना पत्र लिहून निषेध केला.

त्यांच्या तत्त्वाची खरी कसोटी क्वेकर पंथीयांच्या बाबतीत लागली. बोस्टनमध्ये 1659 ते 1661 या काळात चार क्वेकरांना फाशी देण्यात आली. ऱ्होड आयलंडने मात्र त्यांना आश्रय दिला. विल्यम्स यांना क्वेकरांची मते मुळीच मान्य नव्हती. 1672 मध्ये त्यांनी क्वेकरांशी जाहीर वादविवाद केला, परंतु केवळ श्रद्धेसाठी त्यांना शिक्षा व्हावी असे त्यांचे मत नव्हते.

1663 च्या राजसनदेने ऱ्होड आयलंडमधील धर्मस्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब केले. विल्यम्स यांचे 1683 मध्ये निधन झाले. त्यांच्या हद्दपारीचा आदेश मॅसॅच्युसेट्सने मागे घेतला तो 1936 मध्ये, म्हणजे तब्बल 300 वर्षांनी.