उताराचे गणित

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी दोन पेन्शनर भेटले की बोलणे कुठून सुरू होते, हे सांगायला नको. आधी गुडघा, मग साखर, मग रक्तदाब. नोव्हेंबर महिना असेल तर बँकेत द्यायचा हयातीचा दाखला. मी सारी नोकरी बँकेत काढली. काउंटरपलीकडे असा दाखला घेऊन उभे राहिलेले शेकडो ज्येष्ठ नागरिक पाहिले. कागदावर हयात असणे आणि खऱ्या अर्थाने हयात असणे यांतले अंतर तिथेच कळू लागले. ते अंतर ज्याने आयुष्यभर मिटवून टाकले, असा एक म्हातारा या शहराच्या पायातच आहे. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म साधारण 1548 चा, आफ्रिकेतल्या हबसाणातला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे बाजार पाहत तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. हा धनी स्वतःही एके काळचा हबशी गुलाम. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, विजापूरकडे चाकरी करून परत आला. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला एक सरदार होता. त्या काळी पन्नाशी म्हणजे म्हातारपणच. बुडालेल्या राज्याची खाती बंद करून तो कुठेही स्वस्थ बसू शकला असता. त्याने परंड्याला राजवंशातल्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि बुडीत खाते पुन्हा चालू केले.

शरीराच्या मर्यादेची जाणीव त्याला लवकरच झाली असणार. 1602 मध्ये नांदेडजवळच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला उचलून रणातून बाहेर काढले. त्यानंतर त्याने मोगलांशी तात्पुरता तह केला आणि सवड मिळवली. पुढे त्याच्या लढण्याची जी रीत प्रसिद्ध झाली, ती बारगीगिरीची. समोरासमोर ताकद अजमावायची नाही. रसद तोडायची, वाटा अडवायच्या, शत्रूला दमवायचे. आपले बळ थोडे आहे हे एकदा मान्य केले, की ते कुठे खर्चायचे हे सुचू लागते. पगार कमी झाला की गृहिणीला जे कळते, तेच हे शहाणपण.

1610 च्या सुमारास त्याने खाम नदीकाठच्या खडकी गावी राजधानी वसवायला घेतली. तेव्हा तो बासष्टीच्या घरात होता. साठाव्या वर्षी आमच्याकडे हार, नारळ आणि शाल देऊन घरी पाठवतात. या गृहस्थाने त्या वयात शहराचा आराखडा मांडला. 1612 चा भडकल दरवाजा आणि जामा मशीद आजही त्याची साक्ष देतात. 1616 मध्ये मोगलांनी रोशनगावच्या लढाईत त्याचा पराभव केला आणि खडकी जाळून उद्ध्वस्त केली. 1621 मध्ये पुन्हा तेच झाले. अडुसष्टाव्या आणि त्र्याहत्तराव्या वर्षी आपले घर नव्हे, अख्खे शहर बेचिराख झालेले पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलवायचे, याला काय म्हणावे?

या दोन आगींच्या मधल्या काळात, 1617 च्या आसपास, त्याने शहराला पाणी आणले. तीच नहर-ए-अंबरी. उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचे आणि निव्वळ उताराने शहरात खेळवायचे. वाटेत हवा निसटावी, दाब सांभाळला जावा म्हणून मनोरे. ना मोट, ना बैल, ना उपसणारी माणसे. आज आपल्या शहराला जायकवाडीचे पाणी विजेच्या पंपांनी चढावर चढवून आणावे लागते, तेव्हा त्या नहरीचे मोल अधिकच जाणवते. शहागंजमध्येही पुढे, 1714 ते 1719 या आपल्या सुभेदारीत, सय्यद हुसेन अली खानाने मोठा हौद बांधायला घेतला. उन्हाळ्यात लोकांचे हाल त्यामुळे कमी होत, असे इतिहासकार खाफीखानाने नोंदवून ठेवले आहे.

मराठीत म्हातारपणाला उतारवय म्हणतात, आणि आपण तो शब्द उसासा टाकूनच उच्चारतो. पण उतार नसता तर नहर वाहिली नसती. जिथे जोर लावून चालत नाही तिथे उताराचा उपयोग करायचा, हे अंबरने ओळखले होते. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा शहात्तरीच्या या सेनापतीने तलाव फोडून पाणी सोडले. शत्रू चिखलात रुतला. निजामशाहीकडून त्या लढाईत शहाजीराजे झुंजले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

याच मातीत याउलट उदाहरणही आहे. 1700 साली माण नदीच्या पुरात धावपळ होऊन औरंगजेबाचा गुडघा निखळला. तेव्हा तो ब्याऐंशीच्या उंबरठ्यावर होता. तो कायमचा लंगडा झाला, तरी किल्ल्यामागून किल्ला घेण्याचा हट्ट सुटला नाही. 1707 मध्ये अहमदनगरला त्याचा शेवट झाला तेव्हा दख्खन त्याच्या हाती आले नव्हते. कामात तोही अखेरपर्यंत होता. फक्त त्याने रीत बदलली नाही.

अंबरचाही ताळेबंद निर्दोष नाही. मे 1626 मध्ये, अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास, तो कारभार करता करताच गेला आणि खुलताबादला विसावला. साऱ्या दोऱ्या शेवटपर्यंत त्याच्या एकट्याच्या हाती होत्या. त्याचा मुलगा फत्तेखान त्या पेलू शकला नाही. 1633 मध्ये दौलताबाद पडले, 1636 मध्ये निजामशाही संपली. घराघरांतल्या कर्त्या म्हाताऱ्यांनी हे पान दोनदा वाचावे. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून जाणारा माणूस कामसू असेल, पण मागच्यांना पोरके करून जातो.

मग उरले काय? जे त्याच्यावाचून चालू शकत होते, ते. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची, मक्तेदाराच्या तावडीतून रयतेला सोडवण्याची त्याची पद्धत पुढच्या राज्यकर्त्यांनाही मार्गदर्शक ठरली. त्याच्या राज्यात लढायला शिकलेल्या शहाजीराजांच्या घरात पुढे स्वराज्य उभे राहिले. आणि नहर त्याच्यानंतर शतकानुशतके वाहत राहिली.

म्हणून गुडघे कुरकुरू लागले की जिना सोडावा, काम सोडू नये. बाजाराची पिशवी नातवाच्या हाती द्यावी, पण भाजी निवडायला त्याला शिकवावे. रोज थोडे चालावे, दमण्याआधी बसावे. आणि हिशेबाच्या वह्या, बँकेची कागदपत्रे, घरच्या पाण्याच्या टाकीची चावी कुठे आहे, हे सगळे आजच, हातीपायी धड असताना, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवून ठेवावे.