लुकीनो व्हिस्कोंती

लुकीनो व्हिस्कोंती यांचा जन्म १९०६ साली इटलीतील मिलान नगरीत एका धनाढ्य उमराव घराण्यात झाला. तारुण्यात त्यांना घोड्यांचा नाद होता. पुढे झाँ रन्वार या फ्रेंच दिग्दर्शकाच्या हाताखाली त्यांनी चित्रपटकलेचे धडे घेतले. १९४८ सालच्या ‘ला तेरा त्रेमा’ या चित्रपटात त्यांनी नट घेतलेच नाहीत. सिसिलीतील आची त्रेझा गावचे कोळी त्यात आपल्याच बोलीत बोलले. ती इतर इटालियनांना कळेना, म्हणून निवेदन जोडावे लागले. उमरावाच्या मुलाने गरिबांची बोली जपावी, हे धाडसच! रंगभूमीवरही त्यांनी कीर्ती मिळविली. १९७२ साली त्यांना पक्षाघात झाला. तरीही त्यांनी आणखी दोन चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांपैकी शेवटचा १९७६ साली लोकांपुढे आला, तेव्हा ते हयात नव्हते.